दुखणं उलटतं तेव्हा

आपल्या बस्तीत कुणाचा टायफॉइड उलटला तर त्याला कुणी दोष देत नाही. "पथ्य सांभाळ, परत दवाखान्यात दाखवून घे," असं सांगतात. शेजारची वहिनी मुगाची पातळ खिचडी आणून देते. टीबीचा कोर्स मध्येच सुटला आणि खोकला परत सुरू झाला, तर आशाताई दारात येऊन बसतात आणि पुन्हा गोळ्या सुरू करून देतात. पण नैराश्यातून बाहेर आलेलं माणूस पुन्हा खचलं की आपली भाषा बदलते. "मागल्या साली एवढा खर्च केला, आता परत काय झालं?" "चांगली व्हती की, आता नाटकं सुरू झाली." "मनच कमजोर हाय तिचं." घर तेच, माणसं तीच. एका दुखण्याला खिचडी आणि दुसऱ्याला टोमणा.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. नैराश्याचं दुखणं उलटू शकतं. ते उलटलं तर ती आजारी माणसाची चूक नसते. आणि ते कधीतरी उलटेल असं धरून घरानं, बस्तीनं आणि विहारानं आधीच तयारी ठेवली पाहिजे.

मी हे भोगलं आहे, म्हणून लिहिते. आई गेली त्या वर्षाची गोष्ट. मालक एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. कधी बारा-बारा तासांची पाळी, तर कधी महिनाभर मिल बंद. मला झोप लागेना. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. भाकरी थापताना कारण नसताना रडू यायचं. घरच्यांना ती कमजोरी वाटली. सलाईन लावली, ताकदीच्या गोळ्या झाल्या, रक्त तपासून झालं. आठ महिने असेच गेले. मग आमच्या आशाताईंनी मला सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी झोप लागायला लागली. दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा हसले, असं माझी मुलगी सांगते.

चौथ्या महिन्यात मला वाटलं, झालं, सुटलो. भीमजयंती तोंडावर आली होती. भोजनदानाचं काम, मुलींच्या लेझीमची तयारी, पांढऱ्या साड्यांची खरेदी. "आता कशाला डोक्याच्या गोळ्या?" म्हणून मी त्या आपल्या मनानं बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. १४ एप्रिलला मी मिरवणुकीत नाचले. मे महिना संपायच्या आत मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली होते.

ही दुसरी वेळ पहिलीपेक्षा जड गेली. पहिल्या वेळी आपल्याला काय झालंय तेच माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं, आणि त्याचाच त्रास जास्त झाला. एकच विचार डोक्यात फिरायचा की एवढं करून मी परत तिथंच आले, म्हणजे मी कधी बरी झालेच नव्हते. लाजेपायी सहा आठवडे मी डॉक्टरांकडे गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?" त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. माझ्यासाठी मात्र जग बुडालेलं होतं. आधी कुणी सांगितलं असतं की असं होतं, तर ते सहा आठवडे वाचले असते.

हे दुखणं चालतं कसं

नैराश्याच्या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. बरेच जण पहिल्या दहा दिवसांतच "काही फायदा नाही" म्हणून सोडून देतात. दुसरी चूक मी केली ती. बरं वाटू लागल्यावरही गोळ्या निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. ज्यांना हा आजार दोन-तीनदा झाला आहे, त्यांना डॉक्टर त्याहून जास्त काळ, कधी दोन वर्षं किंवा अधिकही घ्यायला सांगतात. एकदम बंद केल्या तर चक्कर येणं, मळमळणं, चिडचिड होणं, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रासही होतात. त्यावरून काही लोक म्हणतात, "बघा, गोळ्यांची सवय लागली." तसं नाही. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. शरीराला त्या हळूहळू कमी करून द्याव्या लागतात, आणि ते काम डॉक्टरांनी करायचं.

एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांना आयुष्यात पुन्हा एकदा तरी ते येतं. जितक्या वेळा येऊन गेलं, तितकी पुन्हा येण्याची शक्यता वाढते. हे वाचून घाबरू नका. शुगर, बीपी, दमा यांच्याबरोबर आपण जगतोच की. तिथं आपल्याला कुणी "कायमचं बरं झालास का?" असं विचारत नाही. "आटोक्यात आहे का?" असं विचारतात. इथंही प्रश्न तोच हवा.

मात्र प्रत्येक वाईट दिवस म्हणजे दुखणं उलटलं असं नव्हे. घरात भांडण झालं, पोराचे मार्क कमी आले, कामावर कुणी जातीवरून बोललं, तर दोन दिवस मन खट्टू होणारच. ते कुणाचंही होतं. बरं होण्याची वाट सरळ नसते. दोन पावलं पुढं, एक मागं, असंच चालतं. पण जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशात गोडी वाटेना, झोप आणि भूक बिघडली, अंगातला जोर गेला, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटू लागलं, तर मात्र ते दुखणं आहे. दोन आठवड्यांची ही खूण लक्षात ठेवा. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय त्यानं तर दोन आठवडेही थांबू नये. पहिल्या खुणा दिसल्या की दाखवून घ्यावं.

या पहिल्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. माझ्या अशा: पहाटे तीनला जाग येते. केस विंचरायचे राहून जातात. बहिणीचा फोन वाजत राहतो आणि मी उचलत नाही. रविवारी विहारात जायची वेळ होते आणि मी काहीतरी कारण काढते. या चार गोष्टी मी मुलीला वहीत लिहून दिल्या आहेत. आजारी माणसाला स्वतःची घसरण उशिरा कळते, घरच्यांना आधी कळते. एखाद्या भावाच्या खुणा वेगळ्या असतील: चिडचिड वाढते, कामावर खाडे होतात, संध्याकाळी पावलं दारूच्या दुकानाकडे वळतात. बरं असतानाच घरात बसून हे लिहून काढावं.

दुसरा बाण

संयुत्त निकायात तथागतांची बाणाची उपमा आहे. माणसाला एक बाण लागतो, वेदना होते. मग तो शोक करतो, छाती बडवतो, आणि जणू स्वतःच दुसरा बाण मारून घेतो. पहिल्या बाणाची वेदना शरीराची, दुसऱ्याची मनाची. धम्म शिकलेल्यालाही पहिला बाण लागतोच. त्याला दुसरा टाळता येतो.

नैराश्य उलटणं हा पहिला बाण. तो काही वेळा गोळ्या सोडल्यानं लागतो. काही वेळा सगळं नीट चालू असतानाही लागतो. "मी हरलो, माझ्यात खोट आहे, एवढे दिवस फुकट गेले," हा दुसरा. माझे ते सहा आठवडे त्या दुसऱ्या बाणाचे होते. पण यात मला आणखी एक गोष्ट जोडायची आहे. आपल्या घरांत हा दुसरा बाण आजारी माणूस एकटा मारून घेत नाही. आपण सगळे मिळून त्याच्या हातात तो देतो. "परत सुरू झालं का तुझं?" हा एक. "माझ्या नशिबी असलीच बायको," हा एक. "बाकीच्यांना काय दुःख नाही का? ते राबतातच ना?" हाही.

आणि एक बाण असा आहे की तो मारताना आपल्याला आपण उपदेश करतोय असं वाटतं. "तू वंदना घेत नाहीस, ध्यान करत नाहीस, म्हणून हे झालं." "धम्मात मनच सगळ्याचं मूळ आहे, मन सुधार." म्हणजे दुखणं आलं हा श्रद्धेचा दोष ठरला. मग देवाचा कोप झाला म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? भिक्खूंच्या चार मूलभूत गरजांत तथागतांनी चीवर, भोजन आणि निवारा यांच्या बरोबरीनं आजाऱ्याचं औषध धरलं आहे. अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं, उचलून निजवलं, आणि त्याला सोडून गेलेल्या भिक्खूंना बजावलं की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. त्या भिक्खूला तथागतांनी ध्यान कमी पडलं का असं विचारलं नाही. तुझी देखभाल कुणी करतं का, हे विचारलं.

ध्यानाबद्दल एक स्पष्ट बोलते, कारण याबाबत बस्तीत गोंधळ आहे. सतीचा, म्हणजे सजग राहण्याचा अभ्यास नैराश्य परत येऊ नये म्हणून उपयोगी पडतो, हे पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. त्यावर बेतलेली आठ आठवड्यांची एक पद्धत त्यांनी तयार केली. तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलेल्या लोकांवर केलेला तिचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पण ही पद्धत शिकवली गेली ती सावरलेल्या माणसांना. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवणं हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर, मग त्यांना विचारून शिबिर. आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

काही जण म्हणतील, आंबेडकरी माणसानं रडत बसू नये, बाबासाहेबांनी एवढं सोसलं. होय, सोसलं. पण लपवलं नाही. १९२६ साली त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणानं कळवलं की आम्ही दोघं या धक्क्यातून सावरलो आहोत असं ढोंग करण्यात अर्थ नाही. त्याआधीही त्यांची मुलं गेली होती. पुढं २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. शेवटच्या वर्षांत मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं शरीर पोखरलं होतं, तेव्हा ते डॉक्टरांचे उपचार घेत होते, माईसाहेबांच्या देखरेखीखाली पथ्य पाळत होते, आणि त्यातच "बुद्ध आणि त्याचा धम्म" लिहीत होते. दुःख झालं असं सांगणं आणि औषध घेणं यानं कुणी लहान होत नाही, हे त्यांच्याकडून शिकायचं.

लहान काम, रोज

आता उपाय. आपल्या मराठी मुलखाशेजारी गोव्यात नैराश्यावर एक मोठं काम झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा भेटून मदत केली. तीन महिन्यांनी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक त्या आजारातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतही गावच्याच कार्यकर्त्यांच्या मदतीनं असं काम झालं. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे बस्तीतलं साधं, शिकवून तयार केलेलं माणूस या आजारात खूप काही करू शकतं.

गोव्यातल्या त्या समुपदेशकांच्या पद्धतीचं मूळ सूत्र सोपं आहे. मन लागेल तेव्हा काम करीन असं म्हणत बसायचं नाही. आधी अगदी लहान काम करायचं, मन मागून येतं. नैराश्यात माणूस अंथरूण धरतो, अंथरुणात विचार वाढतात, विचारांनी अंग आणखी जड होतं. हे चक्र कुठंतरी तोडावं लागतं. दुखणं उलटल्यावर माझं पहिल्या आठवड्याचं काम एवढंच होतं: सकाळी उठून तोंड धुवायचं आणि आपलं ताट आपण घासायचं. दुसऱ्या आठवड्यात नळावरून एक हंडा आणायचा. तिसऱ्या आठवड्यात विहारापर्यंत चालत जायचं, मेणबत्ती लावायची आणि परत यायचं. कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही. घरच्यांनी इथं एक करावं. हंडा आणला तर "आणलास का, बरं झालं" म्हणावं. "बाकीचे चार कोण आणणार?" असं म्हणू नये.

आणि जरा बरं वाटलं की सगळं एकदम अंगावर घ्यायचं नाही. सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करत राहिला आणि शेवटी निराश होऊन घरी परत जायचा विचार करू लागला. तो गृहस्थ असताना वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार ढिल्या सोडल्या तर? बरं होणाऱ्या माणसानं ही गोष्ट मनात ठेवावी. मी जयंतीच्या आधी तार ताणली होती. आता मी भोजनदानात भाजी निवडते, रात्री अकरापर्यंत जागत नाही.

घरात काय ठेवायचं, काय टाळायचं

गोळ्यांची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मंठा, परतूर, घनसावंगीकडून जालन्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी निघायचं ठरवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना तसं सांगावं, जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. तो दाखवला की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढं चालू ठेवणं सोपं जातं.

रात्रपाळीनं झोपेची घडी मोडते, आणि झोप मोडली की दुखणं उलटायला वाट मिळते. पाळी बदलून मिळत असेल तर मागावी. नसेल तर दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या झोपेची घरानं राखण करावी, पोरांना आणि टीव्हीला आवरावं. दारूबद्दल पंचशीलात आणि बावीस प्रतिज्ञांत सांगितलेलंच आहे. इथं एवढंच जोडते की दारूनं थोडा वेळ गुंगी येते, पण ती नैराश्य वाढवते, झोप बिघडवते आणि गोळ्यांच्या आड येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणूस मरणाची भाषा बोलू लागला, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं म्हणू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. शेतावरचं फवारणीचं औषध, उंदराचं औषध, जास्तीच्या गोळ्या घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर विहाराच्या फळ्यावर खडूनं नव्हे, रंगानं लिहून ठेवावा असं मला वाटतं.

कायद्याची भीती बाळगू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरावं, त्याला शिक्षा करू नये आणि सरकारनं त्याच्या उपचाराची सोय करावी, असं तो सांगतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचे मोफत उपचार मिळणं हा याच कायद्यानं दिलेला हक्क आहे. तिथं जाताना उपकार मागायला जातोय असं वाटू देऊ नका.

सगळं माणसाच्या मनातच नसतं

दुखणं कशानं उलटतं हे पाहताना बाहेरही पाहावं लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, तेव्हा त्या बागांत राबणाऱ्या हातांचं कामही गेलं. मिल बंद पडते, बचत गटाचा हप्ता थकतो, आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली जाते, पोराला कॉलेजात टोमणे ऐकावे लागतात. अशा घावानं कुणी पुन्हा खचलं तर "गोळी घे आणि गप पड" हे अर्धंच उत्तर झालं. गोळी घ्यायचीच. पण खोली नाकारणाऱ्याला जाब विचारायला आणि थकलेल्या हप्त्याचं बोलायला सोबत चार माणसं हवीत. उलट बाजूनंही तेच. अन्याय बाहेर आहे म्हणून गोळी नको, असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनाही मी सांगते, ज्याला झोप नाही त्याच्याकडून मोर्चा होत नाही.

विहाराकडे मागणं

शेवटी माझं एक मागणं आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. तीन महिने, ठरलेली वेळ, ओळखीची माणसं. मनाच्या दुखण्यातून सावरणाऱ्याला नेमकं हेच लागतं. तेव्हा प्रत्येक विहारानं दोन माणसं ठरवावीत, एक ताई आणि एक दादा. चार दिवस कुणी वाचनाला दिसलं नाही तर त्यांनी घरी जाऊन चहा प्यावा. चौकशी अशी करावी: "आलो होतो सहज. दवाखान्यात जायचं असेल तर मी येते सोबत." "का आला नाहीत?" असा हिशेब मागू नये. आणि ते माणूस महिन्यानं परत आलं, तर त्याची सतरंजीवरची जागा रिकामी असावी. "अरे वा, उगवलात का?" असं कुणी म्हणू नये.

धीर कसा धरायचा हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. त्यानंतर गावोगावी आपल्या माणसांची घरं जळाली, माणसं मारली गेली, कित्येकांना गाव सोडावं लागलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती वेळा वाटलं असेल की सगळं संपलं. तेव्हा आपण एकमेकांना "परत तेच का?" असं म्हटलं नाही. परत निघालो. जो समाज एका नावासाठी साडेपंधरा वर्षं चिकाटी धरतो, त्यानं आपल्या घरातल्या आजारी लेकीसाठी, भावासाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चिकाटी धरायला काय हरकत आहे?

माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. पुढच्या महिन्यात डॉक्टर त्या कमी करायचं बघणार आहेत. त्यांना घाई नाही, आणि आता मलाही नाही. पुन्हा कधी पहाटे तीनला जाग यायला लागली तर वही माझ्या मुलीकडे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.